आबांची ठासणीची बंदूक आणि माझं ग्रीस

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान वडिलांपासूनचं. माझा हात बसला तो काडतुसाच्या बंदुकांवर. ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची ती, दसऱ्याआधी पुसायला यायची, पूजेला जायची, विषय संपला. त्यामुळे मागच्या मे महिन्यात अशाच एका बंदुकीचे मालक आबा म्हणाले, "परवाना आहे, रेंजची परवानगी काढलीय, एकदा हिचे बार काढून बघू," तेव्हा मी फार विचार न करता हो म्हटलं.

बंदूक त्यांच्या पणजोबांची. टोपीची, म्हणजे घाव बसला की ठिणगी देणारी छोटी धातूची टोपी लावून उडवायची. आतून आटे, म्हणजे पीळदार खाचा असलेली, अर्ध्या इंचाची नळी. अशा नळीला शिशाची गोळी शतांश इंचाने लहान घेतात आणि कापडाच्या चकतीत धरून गजाने ठासतात. चकती आट्यांत दाबून बसते, गोळीला फिरकी देते, मागचा वायू पुढे निसटू देत नाही. या चकतीला वंगण लागतं. वंगण म्हटल्यावर माझा हात आपसूक दुकानातल्या ग्रीसच्या डब्याकडे गेला. दस्त्यातल्या पितळी झाकणाच्या कप्प्यात वाळून खडखडीत झालेल्या दोन पिवळट चकत्या होत्या. त्या मी कचरा म्हणून झाडून टाकल्या.

रेंजवर पहिला बार झकास गेला. दुसऱ्याला गज जरा अडखळला. तिसरी गोळी मध्येच थांबली. गजावर मी आधी पेन्सिलीने खूण केली होती. गोळी दारूवर नीट टेकली की खूण नळीच्या तोंडाशी येते. ती चार बोटं वर राहिली. जोर लावला, हलेना. शेजारी आबा टोप्यांची डबी उघडत होते.

"आबा, ती डबी ठेवा खाली!"

माझा आवाज चढला असावा, कारण ते जागीच थांबले. गोळी आणि दारूमध्ये पोकळी राहिली आणि तसाच बार काढला, तर नळी फुगते, फाटतेसुद्धा, आणि तिथेच आपला डावा हात असतो.

निपल, म्हणजे टोपी बसते ती बारीक नळी, काढलं, पिचकारीने पाणी सोडून दारू भिजवली, गजाच्या टोकाला स्क्रू लावून तो शिशात फिरवला आणि ओढत बसलो. पाऊण तास. डोक्यावर ऊन, शर्ट पाठीला चिकटलेला. गोळीमागून जो लगदा आला तो डांबरासारखा होता, वाळल्या कडेला नख लावलं की टवके उडायचे.

काळी दारू जळली तरी तिचं निम्म्याहून जास्त वजन राख आणि क्षार होऊन मागे राहतं. खनिज तेलाचं ग्रीस त्यात मिसळलं की असा डिंक होतो, आणि आमच्याकडची मे महिन्यातली कोरडी हवा तो अजून कडक करते. माझ्या डोक्यात वंगण म्हणजे घसरण. इथे त्याचं खरं काम ती राख मऊ ठेवण्याचं. मग पुढची चकती खाली जाता जाता नळी पुसत जाते.

परतताना मी म्हटलं, बकऱ्याची चरबी आणि मेण चालतं. आबा भडकले. "चरबीच्या काडतुसांवरून काय झालं, ते तू ग्वाल्हेरच्या माणसाला सांगतोस?" बरोबरच होतं त्यांचं. १८५७च्या जानेवारीअखेर कंपनी सरकारने शिपायांना आपापलं वंगण लावायची मुभा दिली होती, पण तोवर संशय काडतुसाच्या चकचकीत कागदावरच जाऊन बसला होता. जून १८५८मध्ये त्या आगीचा शेवटचा मोठा भडका आमच्याच गावात उडाला.

मग तीळतेल आणि मधमाशीचं मेण. मेण किसून पातेल्यात, ते पातेलं गरम पाण्यात. थेट आचेवर नाही. मेण साधारण बासष्ट-चौसष्ट अंशांना वितळतं. आधी एक भाग मेणास तीन भाग तेल घेतलं, तर दुपारी डबीत तेल सुटलं. उन्हाळ्यासाठी एकास दोन ठीक. थंडीत हेच खडूसारखं होईल, तेव्हा तेल वाढवायचं. लोणी-बिणी घालायचं असेल तर बिनमिठाचं, मिठाने नळी गंजते.

कापडावर मात्र दोन दिवस गेले. आबांच्या सूनबाईंनी दिलेलं 'कॉटन' मी आधी जाळून पाहिलं. धाग्याच्या टोकाला काळा मणी आला, म्हणजे मिसळीचं, नळीत वितळणार. आबांचं जुनं धोतर सुती खरं, पण पातळ. शेवटी मांजरपाट आणला, दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढली, चकत्या कापल्या, वंगणात बुडवून निथळल्या.

पुढच्या खेपेला पहिली चकती दहा पावलांवर सापडली, मधोमध जळलेली. निथळण्याच्या नादात मी ती जास्तच पिळली होती. पुढच्या जरा ओल्या ठेवल्या. त्या काळ्या पण अखंड परतल्या, आट्यांचे वळ तेवढे उमटलेले. पंधरा बार झाले आणि दर वेळी खूण नळीच्या तोंडाशी आली. घरी आल्यावर आबांनी अंगणात बसून गरम पाण्याने नळी धुतली, मला हात लावू दिला नाही.

उरलेली डबी त्यांच्याकडेच राहिली. दसऱ्याआधी मागायला गेलो तर सूनबाई म्हणाल्या, "भाऊजी, ती संपली. टाचांच्या भेगांना फार छान लागते. अजून कराल का?"