नाही हो, आमचा मुलगा त्या शाळेत नाही

लंडनला आमच्याकडे उतरलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता हमखास विचारतो, "हॅरोत राहता म्हणजे मुलगा चर्चिल-नेहरूंच्या शाळेत असेल!" मामा, परवा फोनवर तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

ती शाळा म्हणजे हॅरो स्कूल, टेकडीच्या माथ्यावर, आम्ही पायथ्याशी. तिथली फी वर्षाला 60 हजार पौंडांच्या वर. आमचे चिरंजीव खालच्या सरकारी शाळेत बसने जातात. गवताची पसरट टोपी मागून इलॅस्टिकने डोक्याला अडकवून फिरणारी वरची मुलं आम्हाला दिसतात, तेवढाच संबंध.

मग पुढचा प्रश्न येतो. "पण तिथून केवढी मोठी माणसं निघाली!" निघाली खरीच. ब्रिटनचे 7 पंतप्रधान, शिवाय आपले नेहरू. मी मात्र ती यादी वाचताना आधी बापाचं नाव बघतो. चर्चिलचे आजोबा ड्यूक, वडील अर्थमंत्री राहिलेले. 1888 मध्ये प्रवेशपरीक्षेला लॅटिनच्या पेपरात त्यांनी जवळजवळ कोरा कागद आणि शाईचा डाग दिला, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. तरी प्रवेश मिळाला! माझ्या बापाच्या मुलाला मिळाला असता का?

शाळेने काहीच दिलं नाही, असं मात्र म्हणवत नाही. सगळ्यात खालच्या वर्गात पडल्यामुळे इंग्रजी वाक्य कसं उभं राहतं हे चर्चिलनी तिथे घोटून घेतलं, आणि जन्मभर त्यावर खाल्लं. डिसेंबर 1940 मध्ये लंडनवर बाँब पडत असताना हा गृहस्थ शाळेची गाणी ऐकायला टेकडी चढून आला होता.

नेहरू आले 1905 मध्ये, पंधराव्या वर्षी. अलाहाबादच्या बड्या वकिलाचा मुलगा. 1906 च्या निवडणुकीनंतर मास्तरांनी वर्गात नव्या सरकारबद्दल विचारलं, तर जवळजवळ अख्खं मंत्रिमंडळ सांगणारा हा एकच निघाला. हे वेड तो घरूनच घेऊन आला असणार, कारण बाकीची पोरं त्याच शाळेतली होती ना! दोनच वर्षांत ते केंब्रिजला गेले.

आता तुम्हाला आवडेल ती गोष्ट. नेहरू आले तेव्हा त्यांच्याच वसतिगृहात बडोद्याच्या गायकवाडांचा एक मुलगा होता, बराच वरच्या वर्गात आणि क्रिकेटमुळे सगळ्यांचा लाडका. त्याचे वडील म्हणजे सयाजीराव. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकरी घरातले, बाराव्या वर्षी बडोद्याला नेले तोवर अक्षरओळखही धड नसलेले. एका पिढीत कवळाण्याहून हॅरो! पण मधे बडोद्याची गादी होती, हे विसरू नका.

गंमत म्हणजे 1572 मध्ये राणी एलिझाबेथकडून शाळेची सनद मिळवणारा जॉन लायन हाही इथला शेतकरीच. गावातल्या मुलांना फुकट शिकता यावं म्हणून त्याने ही शाळा काढली. बाहेरच्यांकडून फी घ्यायची मुभा ठेवली होती, तिथूनच पुढे सगळं पालटलं. आज त्या गावातली मुलं म्हणजे आमचीच की!

तुम्ही आलात की वर नेतो. शाळेजवळच्या चर्चच्या आवारात एक थडगं आहे, कवी बायरन शाळेत असताना त्यावर तासन्‌तास पडून राहायचा. आता त्याला लोखंडी जाळी आहे. चढ बराच आहे, तेव्हा गुडघ्याचा पट्टा तेवढा आठवणीने बॅगेत टाका.