माझ्याकडे तर चालतंय

शुक्रवार, रात्र

"माझ्याकडे तर चालतंय." आज हे वाक्य तोंडून गेलं आणि तेव्हापासून घशात अडकून बसलंय.

सीआयवर, म्हणजे सगळ्यांचा कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर, बिल्ड लाल. 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल.' जे सापडत नाही ते पॅकेज (बाहेरून आणलेला तयार कोड) सोमवारीच पॅकेज डॉट जेसनमधून, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीतून, काढलंय, कमिटमध्ये स्वच्छ लिहिलंय. पुल केल्यावर (टीमचे बदल गिटमधून ओढल्यावर) कोड आला, नोड मॉड्यूल्स, म्हणजे माझ्या मशीनवर बसवलेल्या पॅकेजेसचं फोल्डर, मात्र होतं तसंच. ते गिटइग्नोरमध्ये, दुर्लक्ष करायच्या यादीत, गिट त्याला हात लावणार नाही. म्हणजे चार दिवस माझा नवा कोड मेलेल्या पॅकेजला हाक मारत होता आणि ते निमूट ओ देत होतं.

नवीन पॅकेज आलं असतं तर पहिल्याच रनला आपटलो असतो, दोन मिनिटांत कळलं असतं. काढलेलं पॅकेज कुरकुर करत नाही. मला लागलंय ते हे. चूक झाली त्याचं एवढं नाही, मशीनने चुगली केली नाही त्याचं. कॉलवर जे झालं ते इथे नको.

पॅकेजेस बसवतं ते एनपीएम; त्याची काय काय बसलंय ते दाखवणारी कमांड, एनपीएम एलएस, चालवली. त्या पॅकेजपुढे शब्द: एक्स्ट्रेनियस. आगंतुक! खाली आणखी एक 'इनव्हॅलिड', आवृत्ती मागितलीय ^3.0.0 आणि बसलीय 2.8.1. तेही चालतच होतं. हे असं किती दिवस चाललं असेल?

नुसतं एनपीएम इन्स्टॉल बहुतेक वेळा पुरतं. पण लॉकफाइलचं (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या नोंदलेली फाइल) आणि पॅकेज डॉट जेसनचं जमत नसेल तर ते लॉकफाइलच बदलतं; ^1.4.2 लिहिलेलं असलं की 1.4.2 पासून 2.0.0 च्या खालचं काहीही येऊ शकतं, आणि मग डिफमध्ये, बदलांच्या यादीत, आपण न केलेल्या शेकडो ओळी. एनपीएम सीआय आधी नोड मॉड्यूल्स पुसतं, लॉकफाइलमधलं जसंच्या तसं बसवतं, दोन फाइलींत मेळ नसेल तर एरर देऊन थांबतं. 2018 पासून आहे. नावात सीआय म्हणून ते सर्व्हरचं काम, असं मी आजवर धरून चाललो. धन्य.

पोस्ट-मर्ज हूक टाकला, म्हणजे पुलनंतर गिट आपणहून चालवेल अशी छोटी स्क्रिप्ट. ओरिग-हेड आणि हेड (पुलच्या आधीची आणि नंतरची स्थिती) यांच्यात बदललेल्या फाइलींची नावं गिट डिफ-ट्रीने काढायची, त्यात पॅकेज-लॉक, म्हणजे लॉकफाइल, दिसलं की एनपीएम सीआय. ब्रँच बदलल्यावर हा चालत नाही, तिथे पोस्ट-चेकआउट, रीबेसवाल्यांना पोस्ट-रीराइट. शिवाय डॉट-गिटमधले हूक कमिट होत नाहीत. म्हणून ते वेगळ्या फोल्डरात ठेवून कोअर-हूक्सपाथ तिकडे वळवला. आणि हे सेटिंग ज्याने त्याने आपापल्या मशीनवर एकदा करायचं. म्हणजे फिरून माणसाच्या आठवणीवरच आलं की.

रात्री पुल केलं, हूक बरोबर धावला. माझ्या मशीनवर ॲप चालवणारा डेव्ह सर्व्हर चालूच होता. त्याच्या पायाखालचं नोड मॉड्यूल्स पुसलं गेलं आणि तो तोंडावर पडला. "अरे, आत्ता नको!" असं म्हटलंसुद्धा मी त्याला.