फ्रिक्वेन्सी बदलायची ठीक, पण आधी कोणी हलायचं?

एकाच टॉवरवरच्या आठ एफएम स्टेशन्सना नवीन फ्रिक्वेन्सी द्यायच्या आहेत, महिनाभर त्याचंच प्लॅनिंग चाललंय माझं. नवीन तक्ता तर आठवड्यातच झाला होता. घोडं पेंड खातंय ते जुन्यावरून नव्यावर जाताना.

म्हणजे बघा, जुन्या तक्त्यात १०७.० नाही आणि नव्या तक्त्यात १०५.३ नाही, दोन्ही तक्ते तपासले, दोन्ही स्वच्छ. पण एक स्टेशन १०७.० वर गेलं आणि १०५.३ वालं अजून हललंच नसेल तर? शेजारचा सिग्नल अँटेनातून उलटा आपल्या ट्रान्समीटरच्या आउटपुट स्टेजमध्ये शिरतो, तिथे मिसळतो आणि तिसरीच फ्रिक्वेन्सी बाहेर पडते, एकीची दुप्पट वजा दुसरी. २१४.० वजा १०५.३, म्हणजे १०८.७ मेगाहर्ट्झ. एफएम १०८ ला संपतं, त्याच्यावर विमानांचं नेव्हिगेशन आहे, आणि १०८.७ हे लोकलायझरचं चॅनल, धुक्यात वैमानिक धावपट्टीच्या मधल्या रेषेवर येतो तो याच्या भरवशावर. हे "दोन दिवसांचाच प्रश्न आहे" म्हणून सोडून देता येत नाही, मी तरी देणार नाही.

त्यात आठ स्टेशन्सची अशी तिसऱ्या ऑर्डरची मिश्रणं (वरच्यासारखी एकीची दुप्पट वजा दुसरी, किंवा दोघींची बेरीज वजा तिसरी) होतात २२४, आणि मध्ये एखादा तात्पुरता ट्रान्समीटर लावला, आठाचे नऊ झाले, की ३२४. एक स्टेशन वाढलं तर शंभर नवीन शक्यता!

अमेरिकेत २०१७ च्या टीव्ही स्पेक्ट्रमच्या लिलावानंतर ९८७ टीव्ही स्टेशन्सना नवीन चॅनल दिले तेव्हा १० टप्पे आणि ३९ महिने ठरवले होते, लोकांना ते फार वाटतात, मला अजिबात नाही. कारण अ ला ब ची जागा हवी, ब ला क ची आणि क ला अ ची, असं कडं तयार झालं की कोणालातरी तात्पुरत्या फ्रिक्वेन्सीवर बसवावंच लागतं, नाहीतर तिघांनी एकाच क्षणी उडी मारायची.

आणि साइटवरचं काम वेगळंच. कंबाइनरची (सगळ्या स्टेशन्सना एकाच अँटेनावर जोडणाऱ्या यंत्रणेची) कॅव्हिटी, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीच जाऊ देणारी धातूची पेटी, नव्या फ्रिक्वेन्सीवर आणताना ट्यूनिंग रॉड केसभर फिरवायचा, अॅनालायझरवरच्या आलेखातली दरी बरोब्बर जागेवर आली की बरं वाटतं, मग पॉवर चढवली, कॅव्हिटी तापली, धातू प्रसरण पावला की तीच दरी डोळ्यांदेखत बाजूला सरकते. परत पॉवर उतरवा, परत फिरवा, परत तापू द्या. स्टारपॉइंट कंबाइनर (सगळ्यांच्या कॅव्हिटी एकाच बिंदूला जोडलेला) असेल तर एकाला हात लावला की बाकीच्यांचंही ट्यूनिंग हलतं, म्हणजे सगळेच बंद. एका जुन्या साइटवर तर वर माणसं चढलेली असताना एका स्टेशनने ठरल्याप्रमाणे पॉवर कमी केलीच नव्हती, खाली रेडिएशन मोजणारा मीटर वाजला म्हणून कळलं. तेव्हापासून चढाईच्या वेळा मी फ्रिक्वेन्सीच्याच तक्त्यात लिहितो, शेजारच्या रकान्यात, कोणाची पॉवर किती वाजता उतरणार आणि खात्री कोण करणार यासकट.

आता क्रम असा लावलाय की १०५.३ वालं सगळ्यात आधी ती फ्रिक्वेन्सी सोडून, कमी पॉवरवर, स्पेअर अँटेनावर जाईल आणि ते गेल्याशिवाय १०७.० चालूच होणार नाही. प्रत्येक पायरीनंतर सगळी मिश्रणं नव्याने काढतोय, सहाव्या पायरीपर्यंत स्वच्छ आलंय, सातवी अजून अडलीये.