सरकारी मशीद, सरकारी इमाम: अंकारा ते इस्तंबूल

तुर्कस्तानला जाणारी आपली मंडळी इस्तंबूल, कापादोक्या, पामुक्काले एवढं करून परततात. अंकाराला "तिथे बघायला काय आहे?" म्हणून फुली बसते. निळ्या फरशा आणि बलून बघायचे असतील तर फुली बरोबर आहे. पण तिथलं धर्म आणि राजकारणाचं शंभर वर्षांचं भांडण समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात अंकारातूनच करावी. मीही तशीच केली. बेत असा आखा: शुक्रवारी अंकारा आणि पुढचा गुरुवार इस्तंबूलमध्ये. दोन्ही वार का महत्त्वाचे, ते पुढे येईलच.

व्हिसाचं आधी सांगतो. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा सरसकट मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा अथवा रहिवासी परवाना असेल तरच मिळतो, नाहीतर स्टिकर व्हिसाच काढावा लागतो. अनेकांची गाडी इथेच अडते.

अंकारात उलुस भागात उतरायचं. तिथे हाजी बायराम मशीद आणि रोमन सम्राट ऑगस्टसच्या मंदिराचे अवशेष अक्षरशः भिंतीला भिंत लावून उभे आहेत. २३ एप्रिल १९२० रोजी, शुक्रवारी, मुस्तफा कमाल (पुढचे अतातुर्क) आणि त्यांचे सहकारी याच मशिदीत जुम्म्याची नमाज पढून मिरवणुकीने निघाले आणि त्यांनी पहिली संसद उघडली. संसदेची ती छोटी दगडी इमारत पायी काही मिनिटांवर आहे. आता तिथे संग्रहालय आहे. (सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात.) ३ मार्च १९२४ ला खिलाफत बरखास्त झाली तीही ह्याच इमारतीत. नमाजेपासून खिलाफत संपवण्यापर्यंत चार वर्षंही लागली नाहीत.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली आणि आजचा सगळा वाद तिच्यात आहे. धार्मिक व्यवहारांचं सरकारी खातं स्थापन झालं. त्याचं नाव दियानेत. म्हणजे धर्माला राज्यापासून दूर ठेवलं नाही, खात्यात बसवलं. आज देशातल्या नव्वद हजारांच्या आसपास मशिदी ह्या खात्याकडे आहेत. इमाम सरकारी पगार घेतो, त्याची बदली होते. शुक्रवारचा खुत्बा, म्हणजे नमाजेचं प्रवचन, वरून लिहून येतो. १९२८ मध्ये "राज्याचा धर्म इस्लाम" हे वाक्य घटनेतून गेलं, १९३७ मध्ये धर्मनिरपेक्षता घटनेत आली, पण दियानेत जागचं हललं नाही. भारतीय चष्म्यातून बघणाऱ्याचा गोंधळ होतो तो इथेच. तिथल्या धार्मिक आणि धर्मनिरपेक्ष, दोन्ही बाजूंना हे खातं हवंच आहे. भांडण आहे ते त्या खात्याची किल्ली कोणाकडे असावी यावर.

म्हणून शुक्रवारी हाजी बायरामला जा. नमाज दुपारी एकच्या सुमारास असते. बिगर-मुस्लिमांनी त्या वेळात आत न शिरता अंगणात थांबावं. खुत्बा लाउडस्पीकरवर ऐकू येतो. मजकूर दियानेतच्या संकेतस्थळावर असतो, तो फोनवर भाषांतर करून वाचता येतो. २९ ऑक्टोबर (प्रजासत्ताक दिन), १० नोव्हेंबर (अतातुर्कची पुण्यतिथी) किंवा ३० ऑगस्ट (विजय दिन) यांच्या आसपास गेलात तर खुत्ब्यात अतातुर्कचं नाव आलं का, एवढंच बघा. नसलं तर संध्याकाळच्या बातम्यांत तोच विषय असतो.

उलुसमध्येच इश बँकेच्या जुन्या मुख्यालयात आर्थिक स्वातंत्र्याचं संग्रहालय आहे. मुंबईकरांनी इथे डोकवावंच. खिलाफत चळवळीत हिंदुस्थानातून गोळा झालेले पैसे अंकाराला गेले होते. मध्यवर्ती खिलाफत समितीचं मुख्यालय मुंबईत होतं, आणि भायखळ्याचं खिलाफत हाउस आजही उभं आहे. तुर्कांचं स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर त्या पैशांतूनच अतातुर्कने १९२४ मध्ये ह्या बँकेचं सुरुवातीचं भांडवल घातलं. खिलाफत वाचवायला दिलेला पैसा, खिलाफत मोडल्याच वर्षी, बँकेत! अतातुर्कने मृत्युपत्राने सोपवलेले बँकेचे सुमारे २८ टक्के शेअर आजही त्याच्या सीएचपी या धर्मनिरपेक्ष पक्षाच्या नावावर आहेत, पण लाभांश भाषा आणि इतिहासाच्या संस्थांना जातो. ते शेअर सरकारी तिजोरीत यावेत अशी राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांची जुनी मागणी आहे.

अनितकबीर, म्हणजे अतातुर्कची समाधी. अंकाराय मेट्रोच्या अनाडोलू स्थानकावरून चालत जाता येतं, प्रवेश फुकट, सामानाची तपासणी होते. राष्ट्रीय सणांना सरकारी समारंभामुळे काही तास दरवाजे बंद असतात, तेवढं आधी पाहून घ्या. २६२ मीटरच्या वाटेवर २४ दगडी सिंह आहेत. फरशांमध्ये मुद्दाम फट सोडली आहे, म्हणजे माणूस खाली बघत, सावकाश चालतो. वरच्या दालनात ४० टनांची दगडी शवपेटी आहे, पण देह तिच्यात नाही. तो खालच्या कोठडीत जमिनीत पुरलेला आहे, रीतीप्रमाणे किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला) तोंड करून. इथे विनोद करू नका. अतातुर्कच्या स्मृतीचा अपमान हा १९५१ पासून गुन्हा आहे, कायदा क्रमांक ५८१६. गंमत म्हणजे हा कायदा केला तो पंतप्रधान मेंदेरेस यांच्या सरकारने, ज्याने आदल्याच वर्षी, १६ जून १९५० ला, अठरा वर्षं तुर्की भाषेत चाललेली अजान पुन्हा अरबीत आणली होती. राष्ट्राध्यक्षांच्या अपमानाचं कलम वेगळं आहे आणि ते जास्त चालतं. टॅक्सीत राजकारण निघालं तर ऐकून घ्यावं.

कोजातेपे मशीद दहा मिनिटांत उरकली तरी चालेल, पण तिची कथा ठाऊक असू द्या. वेदात दालोकाय यांचा आधुनिक आराखडा स्पर्धेत निवडला गेला होता, पायाही घातला होता. परंपरावाद्यांच्या विरोधानंतर तो रद्द झाला, आणि १९८७ मध्ये उस्मानी धाटणीची मशीद उघडली. तळघरात सुपरमार्केट. दालोकाय यांनी नंतर इस्लामाबादची फैसल मशीद बांधली.

इस्तंबूलला वेगवान रेल्वेने साडेचार तासांच्या आसपास लागतात. तिकीट आधी काढा, शनिवार-रविवारी जागा मिळत नाहीत. सोउतलूचेश्मेला उतरलात की तुम्ही थेट कादिकोय या आशियाई बाजूच्या भागाजवळ असता.

आयासोफ्याला (हागिया सोफिया) लोक फसतात ते नियम न वाचल्यामुळे. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना २५ युरो मोजून फक्त वरच्या सज्जात जाता येतं. खालचा भाग नमाजींसाठी, त्यांचा दरवाजा वेगळा. म्युझियम पास चालत नाही. शुक्रवारी सकाळपासून दुपारपर्यंत पर्यटकांना प्रवेश नसतो. बायकांनी ओढणी घरूनच न्यावी, दारात विकत घ्यावी लागते. घुमटाची मोठी दुरुस्ती सुरू आहे, परांच्यांची तयारी ठेवा.

वाद मात्र तिकिटाहून मोठा आहे. १९३४ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने मशिदीचं संग्रहालय झालं. १० जुलै २०२० ला सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. युक्तिवाद धर्माचा नव्हताच, तो मालमत्तेचा होता: ही वास्तू फातिह सुलतान मेहमेतच्या वक्फची, वक्फनाम्यात मशीद लिहिली आहे, म्हणून दुसरा वापर बेकायदा. त्याच दिवशी ती दियानेतकडे गेली. इस्तंबूलच्याच कारिये या जुन्या चर्चबाबत असाच निकाल २०१९ मध्ये आला होता, तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नाही. आयासोफ्यात पहिली नमाज २४ जुलैला झाली, आधुनिक तुर्कस्तानला मान्यता देणाऱ्या लोझान तहाच्या वर्धापनदिनी. दियानेतचे तेव्हाचे प्रमुख अली एरबाश हातात तलवार घेऊन मिंबरवर (प्रवचनाच्या व्यासपीठावर) चढले, आणि वक्फ मोडणाऱ्याला शाप असं बोलले. रोख अतातुर्ककडे होता, असं धर्मनिरपेक्ष मंडळींनी लगेच ओळखलं. सरकारी पगारी अधिकारी राष्ट्रसंस्थापकाला सरकारी व्यासपीठावरून टोला मारतो, हे १९२४ च्या मांडणीतच शक्य होतं.

ट्रामने दोन-तीन थांबे पुढे बेयाझित. इथल्या इस्तंबूल विद्यापीठाच्या फाटकात १९९७ नंतर हेडस्कार्फ घातलेल्या मुलींना अडवत. स्कार्फ काढा म्हणून त्यांची समजूत घालायला खास खोल्या होत्या. लेयला शाहीन ही वैद्यकीय विद्यार्थिनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेली आणि २००५ मध्ये हरली. पुढे ती एर्दोआन यांच्या पक्षाची खासदार झाली. बंदी विद्यापीठांत २०१० नंतर आणि सरकारी कचेऱ्यांत २०१३ मध्ये उठली. २०२२ मध्ये तर सीएचपीच्याच अध्यक्षांनी स्कार्फच्या हक्कासाठी कायदा सुचवला. हा वाद त्या बाजूने संपला, असं माझं मत.

तक्सीम चौकात १९२८ चं प्रजासत्ताक स्मारक आणि २०२१ ची मशीद समोरासमोर आहेत. मशीद उघडली २८ मे रोजी, एर्दोआन सरकारविरुद्धच्या गेझी आंदोलनाला बरोबर आठ वर्षं झाली त्या दिवशी. तारखा वाचायची सवय ह्या देशात लावून घ्यावीच लागते.

आता गुरुवार. सिरकेजीहून मार्माराय रेल्वेने समुद्राखालून एकच थांबा, उस्कुदार. हा भाग धार्मिक वळणाचा समजतात, तरी २०२४ मध्ये इथे सीएचपीच्या महिला महापौर निवडून आल्या. पुढच्या थांब्याजवळ काराजाअहमेत दफनभूमी आहे आणि तिच्या कडेला अलेवी या अल्पसंख्य मुस्लिम पंथाचं जेमेवी, म्हणजे प्रार्थनागृह. दियानेत चालतं ते सुन्नी हनफी रीतीने, त्यामुळे अलेवींना त्या खात्यात जागाच नाही. जेमेवीला कायद्याने प्रार्थनास्थळाचा दर्जा नाही. ह्याचा सरळ परिणाम वीजबिलावर झाला: मशिदीच्या दिव्यांचं बिल दियानेतच्या निधीतून जात असे, जेमेवीचं त्यांना स्वतः भरावं लागे. हे बिलसुद्धा युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये तुर्कस्तान हरला. २०२२ मध्ये सरकारने जेमेवींसाठी वेगळी कचेरी काढली, पण सांस्कृतिक मंत्रालयात. अलेवी संघटनांचा राग यावरच आहे, आम्ही काय लोककला आहोत?

जेम, म्हणजे अलेवींची सामूहिक उपासना, बहुधा गुरुवारी संध्याकाळी असतो. आधी फोन करून किंवा दुपारी जाऊन विचारा, पाहुण्याला सहसा नाही म्हणत नाहीत. बूट बाहेर ठेवायचे. बायका-पुरुष एकाच दालनात बसतात. बालामा हे तंतुवाद्य वाजतं आणि सेमाह, म्हणजे उपासनेचं नृत्य, होतो, पण तो कार्यक्रम नव्हे, टाळ्या वाजवू नका आणि विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. शेवटी लोकमा, म्हणजे प्रसाद, वाटतात. तो बहुतेकदा मांसाचा असतो, शाकाहाऱ्यांनी बसतानाच शेजाऱ्याला सांगून ठेवावं.