खळ ओली असताना

पट्टणकोडोलीत विठ्ठल बिरदेवाची जत्रा आश्विनात भरते. कोल्हापूरहून हुपरीकडे जाताना लागणारं हे गाव त्या दिवसांत पिवळंधमक होऊन जातं. छपरं, रस्ते, माणसांच्या पापण्यासुद्धा. भंडाऱ्याबरोबर खारीक-खोबरं उधळतात, आणि लोकरही. दुपारी एका ओसरीवर लेन्स पुसायला बसलो, तर हूडमध्ये काळ्या लोकरीची एक बट अडकलेली. खरखरीत, किंचित तेलकट. तोवर माझे सहाशे फोटो झाले होते आणि आसपास तेच फोटो काढणारे निदान पन्नासजण होते. ती बट खिशात टाकली आणि ठरवलं, ही लोकर जिथं कामाला लागते तिथं उद्या जायचं.

जत्रेत भेटलेल्या एका मेंढपाळ मामांनी पत्ता सांगितला. गावाचं नाव लिहीत नाही, ते घर लहान आहे आणि कामाचं आहे. मेंढरं धनगरांनी कातरायची, सूत त्यांच्या घरच्या बायांनी कातायचं आणि घोंगडं सनगरांनी विणायचं, अशी ही जुनी वाटणी. त्या गल्लीत पूर्वी घरोघरी माग होते. आता आबा म्हणतात त्या विणकराचा एकच उरलाय.

सकाळी आठला पोचलो तेव्हा गल्लीत ताणा, म्हणजे घोंगड्याचे उभे धागे, पसरलेला होता. दोन्ही टोकांना खुंट, मध्ये काळ्या-करड्या सुताचा लांबच लांब पट्टा. आबा एका बाजूनं, आजी दुसऱ्या बाजूनं, दोघांच्या हातात कुंचे. चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून केलेली खळ सुतावर चढत होती. तिचा वास आंबूस, जरा भाजक्या पिठासारखा. कुंचा आधी अलगद टेकायचा, मग एका दमात पुढं ओढायचा. त्यानं धाग्याची कुसं खाली बसतात आणि सूत मागावर तुटत नाही. खळ ओली आहे तोवर हात थांबवायचा नाही. ऊन चढलं की चिकटलेले धागे सुटत नाहीत. त्यामुळे ‘जरा इकडं बघा’ म्हणायची सोयच नव्हती. मी त्यांच्याबरोबर मागं-पुढं चालत राहिलो.

“पावनं, तिथं उभं ऱ्हाऊ नका,” आबा न बघताच म्हणाले. “तुमची सावली पडत्या सुतावर.”

मी बाजूला झालो. त्या दिवशी प्रकाशाकडे मी पहिल्यांदा त्यांच्या कामाच्या हिशेबानं पाहिलं.

खळ होती रंगाच्या रिकाम्या डब्यात, प्लास्टिकच्या, वर निळी अक्षरं. फोटोत तो खुपायला लागला म्हणून मी हळूच उचलून भिंतीकडे ठेवला. आजींनी काही न बोलता परत आणून जागेवर ठेवला. “तिथंच लागतोय त्यो. सारखं उठायचं का आता?”

एडवर्ड कर्टिस या अमेरिकन छायाचित्रकारानं अमेरिकेतल्या आदिवासींचे हजारो फोटो काढले. १९१० साली तिथल्या पिगन जमातीच्या तंबूत काढलेल्या एका फोटोत दोन माणसांच्या मध्ये घड्याळ होतं. छापताना त्यानं ते पुसून टाकलं. कारण त्याला हवी होती घड्याळ नसलेली माणसं. मीही बरीच वर्षं हेच करत आलोय. मोबाइलचा चार्जर, पत्र्याची शेड, नातवाची सायकल, सगळं चौकटीबाहेर ढकलत आलोय. आणि त्या माणसांना मी जिवंतपणीच जुनं करून टाकलंय. हे मला आता मनापासून खटकतं. त्या दिवसापासून डबा असेल तिथं डबा दिसणार.

कारण हे काम काही आपोआप ‘लोप पावत’ नाही. त्यामागं हिशेब आहे. पानिपतची गिरणीची ब्लँकेटं गावच्या बाजारात स्वस्तात मिळतात. दख्खनी मेंढीची लोकर जाड, तिला गिऱ्हाईक नाही, आणि कातरायची मजुरीही सुटत नाही. पैसा मटणात आहे, म्हणून कळपात कमी लोकरीची, लवकर वजन धरणारी मेंढरं वाढली. पावसात घोंगड्याची खोळ घेणारा मेंढपाळही आता प्लास्टिकचा कागद पांघरतो. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. मऊ जावळाची घोंगडी मागायला कुणीतरी हौशी येतं, पण एवढी जावळ आणायची कुठून, हा आबांचा प्रश्न.

दुपारी आत गेलो. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून आबा मागावर बसले. मी धोटा पळताना टिपायच्या खटाटोपात होतो. त्यांनी हात थांबवला.

“ते सगळीच काढत्यात. हे बारकं काढा की.”

‘हे’ म्हणजे सांधणं. आधीच्या घोंगड्याच्या ताण्याची टोकं फणीत राहिलेली असतात. नव्या ताण्याचा एकेक धागा त्या एकेका टोकाला जोडायचा. आबांनी चिमटीला राख लावली, दोन टोकं शेजारी धरली, अंगठा तर्जनीवरून एकदाच फिरवला. गाठ नाही, काही नाही, आणि धागा एक झालेला. असे शेकडो. “इणाय कुणीबी शिकंल. ह्ये कुणाला येईना आता. पोरगं पुण्याला हाय.” मग माझ्यासाठी त्यांनी तीच हालचाल सावकाश केली, पुन्हा केली, हात उजेडाकडे वळवून केली. खिडकीतल्या एवढ्याशा उजेडात मी पंचवीसेक धाग्यांचे फोटो घेतले. प्रत्येक अवजाराचं नाव त्यांच्या तोंडून वहीत उतरवलं, कारण शब्द काही फोटोत येत नाहीत.

दोन महिन्यांनी मोठे प्रिंट घेऊन गेलो. आजींनी खळ लावतानाचा, डब्यासकटचा फोटो बराच वेळ धरून ठेवला, मग पदरानं पुसून कोनाड्यात उभा केला. आबांनी सांधण्याचे प्रिंट चटईवर ओळीनं मांडले आणि चष्मा लावून एकेक तपासला. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये बोट ठेवलं.

“ह्यात पीळ कुठाय? हितनं एकदम हिकडंच आलाय तुम्ही. ह्ये बघून कुणाला जमायचं न्हाई.”

खरं होतं. नेमकी पीळ बसायची घडी मी हुकवली होती. लगेच पुन्हा काढूया म्हटलं, तर माग रिकामा. सूत संपलं होतं. मेंढरं चाऱ्यासाठी लांब गेलेली, ती परतून कातरणी झाली की लोकर येणार.

“शिमगा झाल्यावर या,” आबा म्हणाले. पाचही प्रिंट त्यांनी मला परत दिले आणि चौथ्याच्या मागं पेन्सिलीनं फुली मारली.