उरलेलं औषध

फेंटानिल म्हणजे भूल देताना वापरायचं, अफूसारखं जबर वेदनाशामक. त्याच्या दोन मिलीच्या अँप्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या कुपीत, शंभर मायक्रोग्रॅम औषध असतं. लहानशा ऑपरेशनला ते सगळं लागतंच असं नाही. उरलेलं कुणासमोर तरी ओतून टाकायचं आणि तशी नोंद करायची, ही पद्धत. म्हापसा-फोंड्याच्या लहान नर्सिंग होममध्ये मी एकटाच भूल द्यायला जायचो. बघणारं होतं कोण? चौदा महिने ते उरलेलं मी टोचून घेत होतो.

उपचारांसाठी बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात जावं, तर शेजारच्याच गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, शिकलेलो. एका खासगी रुग्णालयात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मोठ्याने विचारलं, ‘डॉक्टर, स्वतःसाठीच का?’ तसाच परत फिरलो.

शेवटी बायकोनेच माझ्या एका सिनिअरना फोन केला. ते मानसोपचारतज्ज्ञ. रात्री ओपीडी संपल्यावर त्यांनी बोलावलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ त्यांनी समजावलं : रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक, पण दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा धोका असेल तर गरजेपुरती सांगायची मुभा. ‘कुणाला कळणार नाही रे. पण उद्या असाच ऑपरेशन थिएटरमध्ये गेलास, तर मी गप्प बसणार नाही.’ राग आला, आणि सुटल्यासारखंही वाटलं. तिथूनच तिन्ही नर्सिंग होमना फोन केले : आजारी आहे, येणार नाही.

पुढचे पाच दिवस हाडं ठणकत होती, जुलाब, डोळ्याला डोळा नाही. बायको पेज भरवायची. दहाव्या दिवसानंतर नाल्ट्रेक्सोन, म्हणजे अशा औषधांचा परिणाम रोखणारं औषध, सुरू झालं; अंगात अफूसारखं औषध शिल्लक असताना ते घेतलं तर त्रास एकदम उसळतो, म्हणून एवढं थांबायचं. रोज सकाळी ५० मिलिग्रॅमची गोळी तिच्यासमोर. गोळी सोडून पुन्हा जुनाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते. भूलतज्ज्ञाच्या बायकोला हे वेगळं सांगावं लागलं नाही.

लघवीच्या तपासणीसाठी पहिल्यांदा साधंच किट आलं. त्यात फेंटानिल दिसत नाही, त्याची चाचणी वेगळी. मला हे पक्कं ठाऊक होतं. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सरांना फोन केला.

‘मागवतो,’ ते म्हणाले. ‘आज जेवलास का?’