चहाला वर गेलो

विम्याचा सर्व्हेअर म्हटलं की लोकांना वाटतं, हा पैसे कापायला आलाय. ३ सप्टेंबर २०२४ला मी कारेलीबागेतल्या एका घरात गेलो आणि खरोखरच दीड लाख कापून आलो. चूक झाली नाही. तरीही ते डोक्यातून जात नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बडोद्यात जो पूर आला तो बाहेरच्यांनी मगरींच्या फोटोंमधून पाहिलं. छपरावर बसलेली मगर सगळीकडे फिरली, पण गावाचं नुकसान छपरावर नव्हतं, तळमजल्यावर होतं. विश्वामित्री पावागढावरून निघते, शहराच्या पोटातून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळते. वर आजव्याचं धरण. सयाजीराव महाराजांनी शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधलं, आजही तिथून पाणी येतं. धरण भरलं की जास्तीचं पाणी याच नदीत. त्यामुळे आपल्याकडे पूर पावसाच्या वेळेवर येत नाही. आभाळ उघडतं, लोक दारात येऊन मोबाईलवर फोटो काढतात, आणि मग गटारातून उलटं पाणी वर यायला लागतं. काळ्या घोड्याच्या पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट आहे. त्या आठवड्यात नदी ३० फुटांच्या वर गेली होती.

कारेलीबागेतलं ते घर एका काकूंचं, त्यांचं घरगुती पिठांचं काम. भाजणी, अनारशाचं पीठ, मोदकाचं पीठ, उपासाची भाजणी. खाली एका खोलीत घंटी (बडोद्यात गिरणी म्हणून बघा, समोरचा तुमच्याकडे बघत राहील), शेजारच्या खोलीत माल. ७ तारखेला गणपती, म्हणून गोदाम नेहमीपेक्षा दुप्पट भरलेलं. माझ्या हातातली पॉलिसी तीन लाखांची. तीन वर्षांपूर्वी एजंटाने टाकलेला आकडा, दरवर्षी तसाच पुढे ढकललेला. एजंट मंडळी नूतनीकरणाला फोन करतात तो हप्त्यासाठी. माल वाढला का, हे विचारणारा मला अजून भेटायचाय.

भिंतीवर गाळाची रेघ असते, ती आम्ही आधी मोजतो. इथे ४१ इंच. पण रेघ बघून नुकसान ठरवणारा सर्व्हेअर नवशिका. गोणी वातीसारखी पाणी वर ओढते, त्यामुळे रेघेच्या वर हातभर असलेली गोणीही आतून गेलेली असते. हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो. तांदूळ गरम लागला की तो आंबायला लागलाय. हरभऱ्याची डाळ फुगून गोणीची शिवण उसवते, ते लांबूनच दिसतं. तेलाचे भरलेले डबे तरंगतात, म्हणून ते ठेवलेल्या जागी कधी सापडत नाहीत. काकूंचा एक डबा संडासात सापडला. सील शाबूत असलं तरी पुराचं पाणी लागलेला खाण्याचा माल बाद. त्यावर मी वाद घालत नाही. घंटीच्या मोटारीला काकू बटण दाबणारच होत्या, मी हात धरला. आधी वायरमनकडून मेगर (आतली ओल तपासायचं यंत्र) लावून घ्या, वाइंडिंगमध्ये ओल असताना करंट दिलात की जळलीच. त्या दिवशी माझ्याकडून झालेलं हे एक बरं काम.

नासलेला माल मोजून तीन लाखांच्या आसपास भरला. विमाही तीन लाखांचा. मी मनात म्हटलं, सरळ केस. खाली बसायला कोरडी जागा नव्हती. काकू म्हणाल्या, "वर या हो भाऊ, चहा टाकलाय."

जिना चढलो. पलंगावर, पलंगाखाली, देवघरासमोर, सगळीकडे डबे आणि पोती. स्वयंपाकघरात जायला एक माणूस आडवा होऊन जाईल इतकीच वाट. सवयीने तोंडातून गेलं, "हा कुठला माल?"

काकूंचा चेहरा खुलला. गोकुळाष्टमीच्या रात्री त्या आणि त्यांची सून, दोघींनी मिळून अर्धा माल वर चढवला होता. "२०१९ला पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, म्हणून खालच्या फळ्या त्याच्यावर मारून घेतल्या होत्या. पण या वेळी मला काही बरं वाटेना. सुनेला म्हटलं, उचल." हे सांगताना त्यांनी सुनेला तिच्या खांद्यावरचा वळ मला दाखवायला लावला. मी चहा पीत पोती मोजली. तीन लाखांचा माल वर होता.

हिशेब असा. पूर आला त्या क्षणी घरात सहा लाखांचा माल, विमा तीनचा, म्हणजे निम्माच. मग नुकसानही निम्मंच मिळणार. याला आमच्यात अ‍ॅव्हरेज लावणं म्हणतात. छोट्या उद्योगांच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंत कमी विमा असेल तर माफ आहे. इथे ५० टक्के. हाती दीड लाख, त्यातून एक्सेस, म्हणजे विमेदाराने स्वतः सोसायचा वाटा, वजा.

काकूंनी तो कागद दोनदा वाचला. मग सुनेला हाक मारली आणि माझ्यासमोरच विचारलं, "आपण काही हलवलंच नसतं तर?" मला उत्तर द्यावं लागलं. सगळा सहा लाखांचा माल बुडाला असता, तर एक्सेस सोडून पूर्ण तीन लाख मिळाले असते. "आणि वरचा माल तुम्हाला दिसला नसता तर?" तरीही तीन.

त्याच पॉलिसीत एक अट आहे, की विमेदाराने नुकसान कमी करण्यासाठी शक्य ते सगळं करावं. ती अट पाळणाऱ्या बाईला मी सांगत होतो, की तुमच्या वाचवलेल्या मालामुळे तुमची भरपाई निम्म्यावर आली. त्यांच्याकडे तीन लाखांचा माल शिल्लक आहे, त्या तोट्यात नाहीत, हे गणित मी मांडलं. गणित बरोबर होतं, काकूंनी ते नाकारलंही नाही. चहाचा कप मात्र माझ्या हातातून घेऊन गेल्या.

एका जुन्या सर्व्हेअर मित्राला सांगितलं तर तो हसला. "वर कशाला चढलास? काम तळमजल्यावर होतं." त्याच्या रिपोर्टात कधी जिना नसतो. त्याला लोक देवमाणूस म्हणतात. मी स्वतःला समजावतो, की खरेदीची वही होतीच, तिथून सहा लाख निघालेच असते. पण वहीतला माल विकला गेला असंही म्हणता आलं असतं, आणि गणपतीच्या तोंडावर ते कुणालाही पटलं असतं. काकूंनी तसं म्हटलं नाही. त्यांनी वर बोलावलं, पोत्याची तोंडं सोडून दाखवली. फोटो क्रमांक २७ ते ३३, सगळे वरच्या मजल्यावरचे. मीच काढले, मीच जोडले.

पुढच्या जूनमध्ये त्यांचा फोन आला. पॉलिसी सात लाखांची करून घेतली होती, या वेळी एजंटाला समोर बसवून माल मोजायला लावून. मला बरं वाटलं. म्हटलं, छान केलंत काकू, आता पाणी वाढलं तर निर्धास्त माल उचला, त्यापायी एक पैसा कापला जाणार नाही.

"उचलणार तर आहेच," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही आलात तर चहा खालीच मिळेल."